गुरुवारी दिसणारी डिस्क

चाळीस एमबी म्हणजे किती, हे आज कोणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो. माझ्या सुनेच्या मोबाइलमधला लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा त्यात मावणार नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी चाळीस एमबीची हार्ड डिस्क म्हणजे विटेएवढी जड, लोखंडी वस्तू होती. मी ती मुंबईहून रेल्वेने मांडीवर घेऊन आलो. अख्ख्या प्रवासात एकदाही खाली ठेवली नाही. समोरच्या बाकावरच्या आजीने वर्धा आल्यावर शेवटी विचारलंच, ‘‘काय हाये गा त्यात? देव हाये का?’’

मी म्हटलं, ‘‘त्याहून नाजूक हाये, आजी. धक्का लागला तर रुसते.’’

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. कार्डावर ‘कस्टमर इंजिनिअर’ असं छापलेलं असे, म्हणून गिऱ्हाइकं ‘साहेब’ म्हणत. मशीन चालू झालं नाही की तीच गिऱ्हाइकं ‘अबे’वर येत. या विशेषांकाच्या संपादकांनी मला सांगितलं, की तरुणांना मार्गदर्शन होईल असं काही लिहा. तरुणांनी माझ्याकडून काय मार्गदर्शन घ्यावं? मी ज्या मशीनवर हात काळे केले ती भंगारातही मिळत नाहीत. त्यापेक्षा एका डिस्कची गोष्ट सांगतो. माझी सगळ्यात मोठी हुशारी अन् सगळ्यात मोठा गाढवपणा, दोन्ही त्याच डिस्कवर आहेत.

डिस्क होती नागपूरलगतच्या वाडीच्या नानाजींची. अमरावती रोडवर त्यांची ट्रान्सपोर्टची पाच गोदामं. धोतर, वर पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया, अन् आवाज असा की तिसऱ्या गोदामात बोलले तर पहिल्यातला हमाल उठून उभा राही. पाचही गोदामांतला माल कुठे ठेवलाय, हे पूर्वी त्यांच्या एका म्हाताऱ्या मुनीमजीच्या डोक्यात असे. अमक्या नंबरच्या बिल्टीचे सहा नग कुठे? मुनीमजी डोळे मिटून सांगत, चौथं गोदाम, डावी भिंत, चहाच्या पेट्यांच्या मागे. बिल्टी म्हणजे माल चढवला त्याची पावती. मुनीमजी थकून गावाला गेले, अन् गोदामात माल असूनही सापडेना. ट्रक दारात दोन-दोन दिवस उभे राहायला लागले.

तेव्हा नानाजींनी बंद पडलेल्या एका कचेरीच्या लिलावातून एक जुना कॉम्प्युटर उचलला अन् तो चालवायला सुनंदा गजभिये या मुलीला ठेवलं. ती नागपूरच्या इंदोरा वस्तीतून दोन बस बदलून यायची. बी. कॉम. झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते. घरात कमावणारी ती एकटी. नानाजींनी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. मशीनने माल सापडला तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा रजिस्टर अन् पुन्हा एखादा मुनीमजी. हे त्यांनी तिला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. नानाजींच्या पोटात एक अन् ओठात एक असं कधी नसे.

पोरगी हुशार निघाली. चार महिन्यांत तिने बिल्ट्या, नग, गोदाम, भिंत, ओळ असं सगळं मशीनमध्ये भरलं, अन् मशीनची वीस एमबीची जुनी डिस्क काठोकाठ भरली. आता नवी मोठी डिस्क पाहिजे. म्हणून मी.

आता धंद्यातली एवढी एक गोष्ट समजून घ्या. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक यादी कोरलेली असे. लग्नमंडपाच्या दारात यादी घेऊन उभा राहिलेला मामा आठवा. यादीत नाव असेल तर या, बसा, जेवा. नसेल तर तुम्ही नवरदेवाचे सख्खे काका का असेनात, बाहेर! मशीन तयार झालं तेव्हा ज्या डिस्क बाजारात होत्या तेवढ्यांचीच नावं त्या यादीत. माझी चाळीसची डिस्क नंतर जन्मलेली. तिचं नाव यादीत नाही. म्हणजे डिस्क जोडलेली आहे, गरगर फिरते आहे, अन् मशीन म्हणतं, मला काही दिसत नाही.

यावर एक सोपा उपाय होता. मशीनला थाप मारायची. यादीतल्या एखाद्या लहान डिस्कचं नाव सांगायचं, की हीच ती. मशीन विश्वास ठेवतं, पण मग तेवढीच जागा वापरतं. मी तसं करून दाखवलं. पडद्यावर वीस एमबी आले. नानाजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

‘‘किती उतरले?’’

‘‘वीस.’’

‘‘चढवले किती होते?’’

‘‘चाळीस.’’

‘‘मंग वीस कुठी गेले गा? माझा ड्रायव्हर असा निम्मा माल उतरवून हात झटकू लागला तर मी त्याले ट्रकमधून उतरवतो. शॉर्टेज मले चालत नाही.’’

मी म्हणालो, नानाजी, मशीन जुनं आहे. नवं मशीन घ्या, पूर्ण चाळीस दिसतील. ते म्हणाले, ‘‘डिस्क आणताना तू काय म्हणला होता?’’

आता मी काय म्हणालो होतो? मशीन उघडून न पाहताच मी म्हणालो होतो, ‘‘लागून जाते ना, नानाजी. चिंता कायले करता?’’ सव्विसाव्या वर्षी माणूस असंच बोलतो. शब्द अंगाशी आला होता.

मग मी दुसरा उपाय केला. तो नागपुरात त्या वेळी फार कोणाला येत नव्हता, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. मशीनला आधी वीसचीच थाप मारायची. मशीन डिस्कवर आलं, की तिथे सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्रॅम बसवून ठेवायचा. तो मशीनच्या कानात सांगतो, बाबा रे, या भिंतीच्या मागे आणखी एक खोली आहे, तिलाही दार आहे. पुढच्या खोलीला म्हणायचं सी, मागच्या खोलीला डी. तीन दिवस मी त्या प्लायवूडच्या केबिनमध्ये चपला बाहेर काढून बसलो. अख्ख्या वाडीत एसी असलेली ती बहुधा एकच जागा, त्यामुळे मला भेटायला ड्रायव्हर अन् हमालही उगाच येऊन उभे राहत. तिसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, पडद्यावर सी आणि डी दोन्ही उमटले. सुनंदाने टाळ्या वाजवल्या. गोदामाचा सगळा हिशेब-किताब आम्ही डीवर, मागच्या खोलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. नानाजींना मुहूर्तावर मशीन सुरू करायचं होतं. दसऱ्याला नागपुरात आमच्यासारख्यांच्या घरात काय असतं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या घरात त्या दिवशी आपट्याची पानं वाटत नाहीत. छप्पन्न साली माझ्या आई-बाबांनी इथेच दीक्षा घेतली. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे अन् दीक्षाभूमीवर जायचं. मी कळायला लागल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी चुकवलं. आई दारात पांढरं लुगडं नेसून उभी, अन् मी स्कूटरला किक मारून वाडीला. ‘‘मुहूर्त त्याहीचा, अन् खाडा आमचा,’’ एवढंच ती म्हणाली.

सुनंदाने मात्र सरळ रजा टाकली होती. नानाजींनी दिलीही.

गोदामात वजनकाटा, ट्रक, हातगाड्या, सगळ्यांना झेंडूचे हार. कॉम्प्युटरलाही. कुंकू, अक्षता, उदबत्ती. मी डिस्कच्या काळजीने कुंकू पुसत पुसत मागे फिरत होतो. मशीन सुरू झालं, डी दिसली, पेढे वाटले, अन् हाराचा मान माझाही झाला. मग माझ्या जिभेला पुन्हा खाज सुटली. अडचणीच्या वेळी मशीन सुरू करता यावं म्हणून मी एक फ्लॉपी करून ठेवली होती. ती नानाजींच्या हातात दिली अन् मोठ्या थाटात म्हणालो, ‘‘नानाजी, ही या डिस्कची किल्ली समजा. जिवापाड जपा. अन् एक लक्षात ठेवा, मशीन एकदा सुरू झालं की मधे बंद करायचं नाही. काही अडलं तर मला फोन करायचा, बटणाला हात लावायचा नाही.’’

नानाजींनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली अन् कपाळाला लावली. मी स्कूटरवर बसून निघालो, स्वतःवर बेहद्द खूश.

दुसऱ्याच दिवशी फोन. सुनंदा. ‘‘साहेब, डी दिसत नाही.’’

मी धावत गेलो. माझ्या पद्धतीप्रमाणे मशीन बंद केलं, पंधरापर्यंत आकडे मोजले, चालू केलं. डी हजर. दिवसभर हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा गेलो, बंद केलं, चालू केलं, हजर. पुढच्या आठवड्यात चार फेऱ्या झाल्या. मी पोचलो की डिस्क शहाण्या मुलीसारखी हात जोडून उभी, अन् मी परतलो की दुसऱ्या सकाळी गायब. वायर बदलल्या, कार्ड बदललं, अर्थिंग तपासलं. नानाजी म्हणायला लागले, ‘‘तू करतो काय बापा? नुसतं बटन दाबतो अन् चहा पितो.’’

इकडे ट्रक उभे. मी पोचेपर्यंत दुपार होई. तोवर सुनंदा चिठ्ठ्यांवर नोंदी करत बसे अन् मागाहून त्या मशीनमध्ये चढवी. एकदा चुकीच्या चिठ्ठीने चुकीचे नग भलत्याच गावाला गेले. नानाजींचा आवाज त्या दिवशी पाचव्या गोदामापर्यंत ऐकू आला.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही. गुरुवारी कधीच फोन येत नसे.

आमच्याकडे प्रत्येक फेरीचा रिपोर्ट भरावा लागे. तीन प्रती, इंग्रजीत. पांढरी गिऱ्हाइकाला, पिवळी मुंबईच्या हेड ऑफिसला, गुलाबी वहीत. त्यात एक रकाना, ‘बिघाडाचं कारण’. तो रिकामा राहिला तर मुंबईहून रिपोर्ट परत येई, वर मेमो. म्हणून आमच्या धंद्यात एक रीतच पडली होती. कारण सापडलं नाही की लिहायचं, ‘ऑपरेटर मिसहँडलिंग’. म्हणजे चालवणाऱ्याने नीट हाताळलं नाही. मुंबईचे साहेब स्वतः ट्रंक कॉलवर सांगत, ‘‘लिहून टाक रे. रकाना भरला पाहिजे.’’ मीही तोवर दहा-वीसदा लिहिलं असेल. कोणाचं काय बिघडलं, हे विचारायला मी कधी मागे वळलो नाही.

सातव्या फेरीत मला फ्लॉपी घालायच्या फटीच्या काठावर लाल कण दिसले. कुंकू. दसऱ्याचं तर मी स्वतः पुसलं होतं, हे ताजं होतं. मला वाटलं, सापडलं! दिवसभर मशीनसमोर कोण बसतं? सुनंदा. म्हणजे ही पोरगी रोज सकाळी मशीनची पूजा करते अन् कुंकू आत सांडवते. डोक्यात एवढा उजेड पडला की पुढचा विचार करायची गरजच वाटली नाही. रिपोर्टात लिहिलं, ‘फ्लॉपी ड्राइव्हमध्ये कुंकू आढळलं. ऑपरेटर मिसहँडलिंग.’

नानाजींना इंग्रजी वाचता येत नसे. त्यांनी सही करता करता विचारलं, ‘‘काय निघालं?’’

कुंकवाचं बोललो तर पोरीची शोभा होईल, असं मला वाटलं. केवढा मी दयाळू! मी नुसतं म्हणालो, ‘‘चालवणाऱ्याच्या हातून काहीतरी गडबड होऊन राहिली, नानाजी.’’

नानाजींनी सही पुरी केली अन् केबिनकडे पाहिलं.

त्या रविवारी सकाळी आमच्या नंदनवनच्या घरी दार वाजलं. आईने उघडलं. सुनंदा. हातात घडी केलेला पांढरा कागद. आईने पाणी दिलं, बस म्हणाली, चहा ठेवायला आत वळली. सुनंदा बसली नाही. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर बुद्धांचा अन् बाबासाहेबांचा फोटो, आमच्यातल्या कोणत्याही घरात असतात तसे.

‘‘नानाजींनी महिनाअखेर यायचं बंद करा म्हणून सांगतलं,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हणलं, काहून? तर म्हणाले, इंजिनिअरने लिहून देल्लं. फायलिंग मीच करते. म्हणून कागद मले वाचाले भेटला.’’

तिने कागद टेबलावर ठेवला अन् बोटाने ती ओळ दाखवली.

‘‘भाऊ, हे कुंकू मी कुठून आणलं? आमच्या घरात कुंकू नाही. आजीने छप्पन्नमध्ये देव नदीत सोडले, तेव्हापासून नाही. दसऱ्याले मी दीक्षाभूमीवर होती. तुमाले मी कोण हाये ते माहीत नव्हतं का? माझं आडनाव तुमाले माहीत नव्हतं?’’

आडनाव माहीत होतं. तीन दिवस तिच्या शेजारी बसून काम केलं होतं, तिच्या डब्यातली भाजी खाल्ली होती. लिहिताना एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण लिहिताना मी सुनंदाबद्दल लिहीतच नव्हतो. मी ऑपरेटरबद्दल लिहीत होतो. मला माझीच लाज वाटली, अन् आजही हे लिहिताना वाटते.

आई कपबशी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ‘‘काय लिहिलं रे तू पोरीबद्दल?’’ तिने विचारलं. तिने चहा सुनंदाला दिला, मला दिला नाही.

मग सुनंदाने पर्समधून एक छोटी वही काढली. ‘‘रडाले नाही आली मी,’’ ती म्हणाली. ‘‘हे पाहा.’’

वहीत दसऱ्यानंतरचा रोजचा दिवस लिहिलेला. समोर बरोबर किंवा फुली. डी सकाळी दिसली की बरोबर, नाही दिसली की फुली. फुल्याच फुल्या, अन् मधे मधे एक बरोबर. प्रत्येक बरोबर गुरुवारी.

‘‘गुरुवारी काय असते?’’ मी विचारलं.

‘‘गुरुवारी नानाजी नरखेडकडे जातात. संत्र्याच्या बगीच्यात. त्या दिवशी केबिनची चाबी चौकीदाराजवळ राहते अन् मशीन मी चालू करते. बाकी दिवस नानाजी नऊ वाजता स्वतः चालू करून ठेवतात. मी दहाले येते तं चालूच असते. तुमीच सांगतलं, चालू झाल्यावर बंद करायचं नाही. म्हणून मी हात लावत नाही.’’

‘‘हे नानाजींना का नाही सांगितलं?’’

ती हसली. ‘‘मालकाले सांगू, का तुमच्यानं बिघडून राहिलं? मी? सहा महिन्यांच्या बोलीवर?’’

सोमवारी सकाळी पावणेनऊला मी वाडीत होतो. स्कूटर लांब लावली. केबिनच्या दाराशी चपला काढल्या, हातातच धरल्या, अन् प्लायवूडला कान लावून उभा राहिलो. कोणी पाहिलं असतं तर चोर म्हणून बदडलं असतं. आत उदबत्तीचा वास. नानाजींचं पुटपुटणं. मग बटणाचा आवाज, पंखा फिरला. आता इथे माझी विद्या कामाला आली. मशीन सुरू होताना आधी फ्लॉपीची फट चाचपतं. ती रिकामी असेल तर एकदाच ‘खट्’ वाजतं अन् मग हार्ड डिस्क बोलायला लागते. मला ‘खट्’ ऐकू आलं नाही. मला ‘गर्रर्र, गर्रर्र’ ऐकू आलं. जात्यावर जाड दळण दळावं तसं. फटीत फ्लॉपी होती! मशीन सगळं त्या फ्लॉपीवरून वाचत होतं. मागच्या खोलीचं दार सांगणारा माझा प्रोग्रॅम तर डिस्कवर. तिथे मशीन वळतच नव्हतं, मग डी दिसणार कशी?

मी दार ढकललं. नानाजी दचकले. त्यांच्या हातात माझी फ्लॉपी, नुकतीच बाहेर काढलेली. तिच्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट, रोजच्या रोज लावून लालभडक झालेलं. ते ती गणपतीच्या फोटोमागे परत ठेवत होते.

‘‘नानाजी, ही रोज घालता?’’

‘‘मंग? तूच देल्ली ना. किल्ली म्हणला. ट्रक तं मी किल्लीबिगर चालू करत नाही, हे कसं करीन? पूजा करतो, लावतो, मशीन चालू झालं का काढून देवापाशी ठेवतो. जिवापाड जपून राहिलो बापा, तू म्हणला तसा.’’

मी खाली फरशीवर बसलो. हसू का रडू कळेना. माझीच किल्ली, माझाच थाट, ‘बटणाला हात लावू नका’ हा माझाच हुकूम. तिन्ही एकत्र करून मी असं कुलूप घातलं होतं, की माझ्याशिवाय ते कोणाला उघडू नये अन् मलाही का उघडतं ते कळू नये. दुरुस्तीला काय लागलं? फ्लॉपी बाहेरच राहू दिली, मशीन बंद केलं, चालू केलं. डी हजर.

नानाजींना मी सगळं समजावलं. त्यांनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. शेवटी म्हणाले, ‘‘म्हणजे चूक माझी.’’

‘‘नाही, माझी. किल्ली मीच म्हणालो.’’

‘‘अन् त्या पोरीचं काय?’’

‘‘तिचा काही संबंध नव्हता, नानाजी.’’

नानाजींच्या कपाळाची शीर उडायला लागली. ‘‘तू लिहून देल्लं तिच्याबद्दल. त्या कागदावर माझी सही हाये. माझ्या हातून पाप करवलं तू! आमच्या धंद्यात फुटला माल पोचला तर बिल्टीवर रिमार्क पडते. कोण लिहिते मालूम हाये? ज्याच्या हातून फुटला तो ड्रायव्हर. स्वतःच्या हातानं लिहिते अन् खाली सही करते. काढ तुझं पुस्तक.’’

मी रिपोर्टबुक काढलं. नोकरी पक्की व्हायला मला दोन महिने राहिले होते. पिवळी प्रत मुंबईला जाणार, अन् तिथे ‘इंजिनिअरची चूक’ असं लिहिलेला कागद तोवर कोणी पाठवला नव्हता. हात थोडा अडला, खोटं कशाला बोलू? मग लिहिलं. ‘कारण : इंजिनिअरने चुकीची सूचना दिली. आधीच्या रिपोर्टात दिलेलं कारण चुकीचं होतं. ऑपरेटरची चूक नव्हती.’ सही केली.

दहा वाजले. सुनंदा आली. दारात चपला काढल्या, आत आली अन् आमच्या दोघांचे चेहरे पाहून थांबली. नानाजी म्हणाले, ‘‘सुनंदा वं, ये. वाच हे. सही आज तूच कर, मी नाही करत.’’

तिने कागद घेतला. सावकाश वाचला. पेन हातात घेतलं अन् खाली ठेवलं.

‘‘भाऊ, यात ऑपरेटर लिहिलं.’’

‘‘हो.’’

‘‘ऑपरेटर कोण?’’

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

‘‘महिनाअखेर घरी बसणार होती ती सुनंदा गजभिये. अन् चूक नव्हती ती ऑपरेटरची? नाव लिहा.’’

मी ‘ऑपरेटर’ खोडलं. वर तिचं नाव लिहिलं, आडनावासकट, तिन्ही प्रतींवर नीट उमटेल असं दाबून. मग तिने सही केली. नानाजींनी बाहेर जाऊन हमालांना ओरडून चहा मागवला, तेव्हा पाचही गोदामांना कळलं की काहीतरी चांगलं झालं आहे.

मुंबईहून मेमो आला, यायचाच होता. नोकरी पक्की व्हायला आणखी सहा महिने लागले. सुनंदाची त्याच महिन्यात पक्की झाली, माझ्याआधी. पुढे तीस वर्षं मी रिपोर्ट भरले. कारण नाही सापडलं तर ‘कारण सापडलं नाही’ असं लिहिलं. मुंबईचे तीन साहेब त्यापायी माझ्यावर चिडून रिटायर झाले.

पुढच्या दसऱ्याला एका कापडवाल्याने मुहूर्ताला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. पांढरा सदरा घातला, आईला स्कूटरवर मागे बसवलं अन् दीक्षाभूमीवर गेलो. पांढऱ्या कपड्यांच्या त्या लांबलचक रांगेत कोणीतरी ‘‘जय भीम, भाऊ’’ म्हणालं. सुनंदा. सोबत तिचे वडील. आईने तिला लगेच ओळखलं अन् माझ्याआधी तिचा हात धरला.

मी विचारलं, ‘‘आज वाडीत पूजा असेल ना? नानाजींनी फ्लॉपी घातली तर उद्या पुन्हा मला फोन करशील.’’

तिने पर्स उघडली. आत, स्वच्छ पुसलेली, पाकिटात घातलेली, ती फ्लॉपी.

‘‘काल नानाजींनीच देल्ली,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणे, सणाच्या दिवशी माझ्यानं हात जोडल्याबिगर राहवत नाही. तुमच्यात पूजा नाही ना, तं तूच घरी ने.’’